तापानंतर वरण-अंडी बंद कशासाठी?



डेंग्यूनंतर पंधरा दिवस डाळ, अंडी, मासळी बंद करून रुग्णाला साबुदाण्याची पेज आणि किवी द्यावी, असा सल्ला देणारे पत्र आपल्या अंकात वाचले. हा सल्ला मला घातक वाटतो.

साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. प्रथिने त्यात नावालाच. तापात शरीर स्वतःचे स्नायू झिजवते, म्हणून तर बरे झाल्यावरही उठताना पाय लटपटतात. ती झीज भरायला प्रथिनेच हवीत. एका अंड्यात ती सुमारे ६ ग्रॅम असतात. मुगाचे वरण आणि भात एकत्र खाल्ले की एकाची उणीव दुसरा भरून काढतो, आणि धान तर आपल्याच बांध्यांत पिकते. तलावांच्या या भंडारा जिल्ह्यात ताज्या मासळीचा पातळ रस्सा सोडून मजुराच्या घराने महागडी किवी का आणावी? धोक्याचे दिवस सरले की प्लेटलेट्स बहुधा आपोआप वाढतात. त्याचे श्रेय फळाला मिळते, एवढेच.

भूक नसेल तर बळजबरी नको. दोन-तीन तासांनी थोडा मऊ भात, वरण, ताक द्यावे. ओआरएसचे मोठे पाकीट पूर्ण १ लिटर पाण्यातच कालवावे.

त्या पत्रात एक गोष्ट राहूनच गेली. ताप उतरताना पोटात जोराने दुखले, उलट्या थांबेनात किंवा हिरड्यांतून रक्त आले, तर काय खायला द्यावे हा विचार सोडून रुग्णाला ताबडतोब रुग्णालयात न्या.

– एक वाचक, साकोली (जि. भंडारा)