आयत्या बिळाचा हिशेब

भ्रष्टाचार या शब्दावर या देशात फार स्वस्त भाषणं झाली आहेत. कचेरीतल्या शिपायानं पन्नास रुपये मागितले, झाला भ्रष्टाचार. हवालदारानं हातगाडीवाल्याकडून वीस रुपये उकळले, झाला भ्रष्टाचार. आणि बापाच्या ओळखीवर कारखान्याचा परवाना पदरात पडला, की ती मात्र कर्तबगारी! खालचा हात चोराचा, वरचा हात उद्योगपतीचा. ही भाषा ऐकून ऐकून कान किटले. म्हणून ज्यांनी या चोरीचं शास्त्र मांडलं, त्यांचंच लिखाण मी वाचायला घेतलं. वाचता वाचता लक्षात आलं, की त्यात आपल्या कामाचं एक हत्यार पडलेलं आहे. आजवर ते आपल्यावरच चालवलं गेलं, एवढंच.

हे हत्यार घडवणाऱ्या बाईंचं नाव ॲन क्रूगर. जन्म १९३४, अमेरिका. १९५८ साली विस्कॉन्सिन विद्यापीठाची डॉक्टरेट, मग वीसेक वर्षं मिनेसोटा विद्यापीठात अध्यापन. विषय आंतरराष्ट्रीय व्यापार आणि गरीब देशांचा विकास. तुर्कस्तानच्या परकीय व्यापारावर त्यांनी मोठं काम केलं. आपल्या मुंबईत जन्मलेले जगदीश भगवती आणि क्रूगरबाई, या दोघांनी मिळून अनेक देशांच्या व्यापारधोरणाचा अभ्यास करणारा मोठा प्रकल्प चालवला. पण बाईंचं नाव झालं ते जून १९७४ मध्ये छापलेल्या जेमतेम तेरा पानांच्या निबंधानं. त्यात त्यांनी एक शब्द रुजवला : रेंट-सीकिंग. कल्पना त्याआधी, १९६७ साली, गॉर्डन टुलक यांनी मांडली होती. नाव दिलं क्रूगरबाईंनी.

रेंट म्हणजे खोलीभाडं नव्हे. आपल्या पाठ्यपुस्तकात त्याला खंड म्हणतात. पुस्तक बाजूला ठेवा, आपली म्हण घ्या : आयत्या बिळावर नागोबा. बीळ खणलं मुंग्यांनी, आत वेटोळं घालून बसला नाग. त्या बसण्याची जी कमाई, ती रेंट. आणि त्या बिळावर बसायला मिळावं म्हणून जी धावपळ, लाचलुचपत, हांजी हांजी चालते, ती रेंट-सीकिंग.

बाईंनी दाखवलं ते असं. सरकार म्हणतं, परदेशी माल एवढाच येईल, परवाना असेल त्यालाच आणता येईल. माल कमी, म्हणून बाजारात त्याचा भाव चढा. परवानेवाला स्वस्तात आणतो, महागात विकतो. मधला फरक आयता. मग या आयत्यासाठी सगळे धावतात. परवाना कारखान्याच्या क्षमतेवर मिळणार असेल, तर माणूस कारखाना वाढवतो, भले आधीची यंत्रं गंजत पडलेली असोत. कुणी दिल्लीत माणूस ठेवतो, कुणी साहेबाच्या मेव्हण्याला नोकरी देतो. या सगळ्यात पैसा, वेळ, डोकं खर्च होतं आणि देशात एक कापडाचा तागासुद्धा जास्तीचा तयार होत नाही. बाईंचा अंदाज असा, की १९६४ साली भारतात अशा आयत्या कमाईची किंमत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ७.३ टक्के होती. तुर्कस्तानात १९६८ साली एकट्या आयात परवान्यांचा आकडा राष्ट्रीय उत्पन्नाच्या १५ टक्क्यांच्या घरात होता.

डावे मित्र लगेच म्हणतील, ही भांडवलशाहीची वकिली आहे. असेल. पण खोटं काय आहे त्यात? आपल्याकडे रा. के. हजारी यांनी १९६७ च्या अहवालात दाखवलंच होतं, की बिर्लांसारखी घराणी एकामागून एक अर्ज टाकून परवाने अडवून ठेवतात, म्हणजे दुसऱ्याला ते मिळूच नयेत. १९६९ साली दत्त समितीनंही तेच सांगितलं : लायसन्सची पद्धत मोठ्यांना आवर घालायला आणली आणि मलई मोठ्यांनीच खाल्ली. समाजवादाचा बोर्ड बाहेर, आत घराण्यांची पंगत. गावकुसाबाहेरच्या माणसाला त्या पंगतीचं खरकटंसुद्धा दिसलं नाही. तेव्हा परवानाराज गेलं म्हणून आपण रडायचं काही कारण नाही.

माझं भांडण वेगळं आहे. बाईंनी किती गेलं ते मोजलं. कुणाचं गेलं ते विचारलं नाही. त्यांच्या हिशेबात एक 'देश' आहे आणि त्या देशाचे इतके टक्के वाया जातात. देशाला पोट नसतं हो! पोट असतं माणसाला. हाच व्यापाराचा विषय बाबासाहेबांनी हाताळला होता. त्यांचा 'रुपयाचा प्रश्न' हा ग्रंथ १९२३ सालचा, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या संशोधनातून निघालेला. रुपया स्वस्त झाला की निर्यात वाढते, देशाचा फायदा होतो, असं तेव्हा सांगितलं जाई. बाबासाहेबांनी त्या फायद्याची झडती घेतली. भाव चढतात, मजुरी मागं राहते. म्हणजे निर्यातदाराच्या खिशात पडलेली भर मजुराच्या खिशातून निघालेली असते. हा प्रश्न विचारायची सवय असलेला माणूस आकड्याला भुलत नाही.

क्रूगरबाई मात्र आकडे घेऊन वर वर चढत गेल्या. १९८२ ते १९८६ त्या जागतिक बँकेच्या मुख्य अर्थशास्त्रज्ञ होत्या, त्या पदावरच्या पहिल्या बाई. त्याच दशकात कर्जबाजारी देशांना बँकेचं औषध ठरलं : परवाने काढा, दारं उघडा, अनुदानं कापा. तुर्कस्तानचंच बघा. जानेवारी १९८० मध्ये तिथं बाजार खुला करायचा कार्यक्रम आला, तो आखला तुर्गुत ओझाल यांनी. सप्टेंबरमध्ये लष्करानं सत्ता घेतली. संप बंद, दिस्क ही लढाऊ कामगार संघटना बंद, तिचे पुढारी आरोपीच्या पिंजऱ्यात. आणि ओझाल? लष्कराच्या सरकारात उपपंतप्रधान. याचं पाप मी बाईंच्या माथी मारत नाही. बंदूक काही त्यांनी दिली नव्हती. पण मालाला दार उघडलं त्याच वर्षी मजुराच्या तोंडाला कुलूप लागलं, आणि त्या कुलपाची किंमत किती टक्के, हे कुठल्याच तक्त्यात आलं नाही.

पुढं २००१ ते २००६ बाई आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत दोन नंबरच्या पदावर होत्या. इथं एक गोष्ट त्यांच्या बाजूनं सांगितलीच पाहिजे. २००१ च्या नोव्हेंबरात, अर्जेंटिना बुडत असताना, त्यांनी एक योजना मांडली : कंपनीला जसं कायद्यानं दिवाळं काढता येतं तसं देशालाही काढता यावं, आणि कर्ज देणाऱ्यांनी तोट्याचा आपला वाटा उचलावा. साधी गोष्ट. पण सावकारांना ती झोंबली. अमेरिकेचं सरकार विरोधात गेलं. निधीच्या घटनेत बदल करायला ८५ टक्के मतं लागतात आणि एकट्या अमेरिकेकडे १५ टक्क्यांहून जास्त आहेत. म्हणजे एक नाही म्हणाला की संपलं. २००३ च्या एप्रिलमध्ये योजना गुंडाळली. आयत्या बिळाचं शास्त्र लिहिणाऱ्या बाईंनी सगळ्यात मोठ्या बिळात हात घातला, तेव्हा नागोबानं फणा काढला.

त्या बिळाची आणखी एक गंमत. २००४ साली बाई काही महिने निधीच्या हंगामी प्रमुख होत्या. कायमच्या होणार नव्हत्याच. कारण १९४६ पासून आजवर निधीचा प्रत्येक कायम प्रमुख युरोपचा आणि जागतिक बँकेचा प्रत्येक कायम अध्यक्ष अमेरिकेचा नागरिक. २०२३ साली पुण्यात जन्मलेले अजय बंगा अध्यक्ष झाले, आपल्या पेपरांनी पेढे वाटले. पण ते झाले अमेरिकेचे नागरिक म्हणून, अमेरिकेच्या नावनिशीवर. जगाला खुल्या स्पर्धेचं कीर्तन ऐकवणाऱ्या या दोन गाद्या आणि त्यांची वाटणी मात्र जन्मदाखला नाहीतर पासपोर्ट बघून. ही पद्धत आपल्याला ओळखीची वाटते की नाही?

आता आपल्या दारी या. १९९१ साली यंत्रसामग्री आणि कच्च्या मालाच्या बहुतेक आयातीवरचे परवाने गेले. म्हणजे बाईंचं म्हणणं दिल्लीनं ऐकलं. मग आयती कमाई संपली? २०१२ साली सुप्रीम कोर्टानं टेलिफोनच्या लहरींचे १२२ परवाने रद्द केले. त्या खटल्यातले आरोपी २०१७ साली विशेष न्यायालयातून सुटले, पण परवान्यांची ती वाटणी मनमानी होती हे सुप्रीम कोर्टानंच सांगितलं. २०१४ साली कोळशाच्या २१४ खाणींचं वाटप रद्द झालं. नागोबा मेला नाही, बीळ बदलून बसला. बंदरातून उठला, जमीन, कोळसा आणि हवेतल्या लहरींवर जाऊन बसला.

आणि खाली? मुंबईच्या फूटपाथवर बघा. फेरीवाल्यांना नवे परवाने देणं महापालिकेनं कित्येक वर्षं बंदच ठेवलं होतं. माणसं लाखांनी, परवाने मूठभर, म्हणून रोजचा हप्ता. क्रूगरबाईंचा अख्खा निबंध त्या टोपलीत भाजीसारखा पडलेला आहे. पण जगात देशादेशांच्या भ्रष्टाचाराची जी यादी १९९५ पासून निघते, ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनलची, ती कशावर बनते? जाणकारांच्या आणि धंदेवाल्यांच्या मतांवर. भाजीवालीला कोण विचारतो, बाई, आज तुला कितीला लुटलं?

आता हत्याराची उलटी धार. माझ्या कॉलेजात एक प्राध्यापक फळ्यावर रेंट-सीकिंग लिहून पहिलं उदाहरण द्यायचे ते राखीव जागांचं. वर्ग हसायचा. आजही इंग्रजी पेपरात असे लेख येतात. ठीक आहे, बाईंचीच परीक्षा लावू. प्रश्न तीन : दार कुणी लावलं? आत किती जणांना घेतलं? कमाई कामाची की बसल्या जागेची? जन्मावरून धंदा ठरवणारी, विद्या, जमीन आणि पाणवठा मोजक्यांसाठी राखून ठेवणारी जात हा या देशातला सगळ्यात जुना परवाना आहे. त्याला अर्ज लागत नाही, फी लागत नाही, मुदत संपत नाही. २०१२ साली एक अभ्यास छापून आला : देशातल्या एक हजार बड्या कंपन्यांच्या संचालकांत सुमारे ९३ टक्के उच्च जातींचे, अनुसूचित जाती-जमाती मिळून साडेतीन टक्के. २००७ साली सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी खाजगी कंपन्यांना पाठवले. दलित आडनावाला बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण आडनावाच्या दोन तृतीयांशच निघाली. हा जो एक तृतीयांश फरक, तो कुणाच्या खिशात गेला? हाच रेंट. राखीव जागा म्हणजे त्या बंद दारात घातलेला पाय आहे. दार लावणाऱ्यानं पाय घालणाऱ्याला चोर म्हणावं, हे शास्त्र नव्हे, हा कांगावा आहे.

पण ही धार आपल्याकडेही वळते, हे विसरू नका. आपल्यातलाच जो पुढारी कर्जाच्या योजनेच्या दाराशी बसून सहीसाठी टक्केवारी घेतो, जातीच्या दाखल्यामागं दलाल उभा करतो, वस्तीच्या मतांचा ठोक सौदा करतो, तोही नागोबाच. निळा असला म्हणून काय झालं? त्याचाही हिशेब याच वहीत मांडायचा.

म्हणून सांगतो, अर्थशास्त्र त्यांचं म्हणून फेकून देऊ नका. क्रूगरबाई वाचा, भगवती वाचा, बाबासाहेब तर वाचाच. पुढच्या वेळी कुणी टीव्हीवर भ्रष्टाचाराच्या नावानं गळा काढला, की आकडा किती एवढ्यावर थांबू नका. बीळ कुणी खणलं, आत कोण बसलंय, आणि त्याला तिथं बसायचा परवाना कुणी दिला, ते विचारा. उत्तर मिळेपर्यंत जागचे हलू नका.