‘बघून ये’ म्हणणारी मैत्रीण

बिर्याणी कुठे चांगली मिळते, कुठली वेबसीरिज बघू, हे आपण मैत्रिणींना बिनधास्त विचारतो. चित्रांचं प्रदर्शन कुठलं बघू, असं मात्र फारसं कुणी विचारत नाही. खरं तर शिफारशीची सगळ्यात जास्त गरज तिथेच असते. थिएटरमध्ये शिरताना आपण कचरत नाही. आर्ट गॅलरीच्या काचेच्या दारापाशी मात्र पाय अडतात. आत एसी, शांतता, टेबलामागे लॅपटॉप उघडून बसलेली एक मुलगी. आणि बाहेर आपण: आत गेल्यावर काही विकत घ्यावं लागेल का? कुणी काही विचारलं तर?

कुणी काही विचारत नाही. खासगी गॅलरीत बहुतेक वेळा तिकीटही नसतं. कुठे बेल वाजवावी लागते, कुठे वहीत नाव लिहायचं, बस्स! हे मला कुठल्या वेबसाइटने नाही, माझ्या मैत्रिणीने सांगितलं.

तिची सांगायची पद्धत मला आवडते. ‘मस्त आहे, जा’ असं ती कधीच म्हणत नाही. 2019 च्या शेवटी मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात सुधीर पटवर्धनांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन लागलं होतं. पटवर्धन हे ठाण्यात अनेक वर्षं रेडिओलॉजिस्ट म्हणून प्रॅक्टिस केलेले डॉक्टर. दिवसा एक्स-रे बघायचे आणि उरलेल्या वेळात शहर रंगवायचे. इराणी हॉटेलात बसलेला माणूस, लोकल, गिरणगाव, बांधकामावरचे मजूर. मैत्रिणीचा व्हॉइस नोट आला, “अगं, काकूंना घेऊन जा. सगळं बघायला जाऊ नका, दमाल. माणसांचे चेहरे बघा फक्त.”

आई आधी नाहीच म्हणाली. “मला काय कळतंय त्यातलं?” हे वाक्य आपल्या घराघरांत ऐकू येतं आणि मला त्याचा राग येतो. आईवर नाही, तिला असं वाटायला लावणाऱ्या वातावरणावर. भिंतीवरचं ते जड इंग्रजी वाचून तर माझ्यासारख्या इंग्रजीत बीए केलेल्या मुलीलाही घाम फुटतो! पण फक्त चेहरे बघायचे म्हटल्यावर आई तयार झाली. एका चित्रासमोर ती बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, “याने आपल्याकडची माणसं नीट पाहिलीयत गं.” पुढच्या आठवड्यात तिच्या भिशीतल्या दोघी जाऊन आल्या. काय सांगून तिने त्यांना पाठवलं, ते मला माहीत नाही.

तुम्ही म्हणाल, हे सगळं आता इन्स्टाग्रामवर दिसतंच की. दिसतं, पण फोटोत छान येणारंच दिसतं. माझ्या ऑफिसातल्या मल्याळी मैत्रिणीने 2018 च्या कोची बिनालेत मुंबईच्या शिल्पा गुप्ता यांचं एक काम पाहिलं होतं. कवितांमुळे तुरुंगात गेलेले 100 कवी, 100 माइक आणि लोखंडी सळ्यांवर टोचलेले त्यांच्या ओळींचे कागद. हे माइक आपला आवाज घेत नाहीत, उलट त्यांच्यातूनच आवाज येतो. एका माइकमधून ओळ ऐकू येते, मग बाकीचे ती पुन्हा म्हणतात. फोटोत फक्त तारा आणि कागद दिसतात. मैत्रीण ते हलक्या आवाजात सांगत होती आणि डबा तसाच उघडा राहिला होता. कोची बिनाले साधारण दोन वर्षांनी भरतं. तिथे जायचं मी तेव्हाच ठरवून टाकलंय.

एक सांगते, अशी शिफारस ‘नंतर बघू’ म्हणून स्टार करून ठेवू नका. काळा घोड्याच्या जहांगीर आर्ट गॅलरीत प्रदर्शन सहसा एकच आठवडा असतं, मंगळवार ते सोमवार. रविवारी आठवण झाली तर हातात जेमतेम दीड दिवस उरतो. सरकारी संग्रहालयं सहसा सोमवारी बंद असतात, हेही ध्यानात असू द्या. दिल्लीत असाल तर किरण नाडर म्युझियमला तिकीट नाही. मुंबईत 2012 पासून साधारण दर जानेवारीत गॅलरी वीकेंड असतो, तेव्हा चार-पाच गॅलऱ्या एका फेरीत होतात.

मैत्रिणींच्या शिफारशीत एक गोची मात्र आहे. आपल्या मैत्रिणी आपल्यासारख्याच असतात. त्याच कॉलेजच्या, त्याच कॅफेत बसणाऱ्या. मग सगळ्याजणी तीच तीन प्रदर्शनं बघतो. म्हणून मी हल्ली गॅलरीतल्या सिक्युरिटीवाल्या काकांना विचारते, “काका, लोक कुठे जास्त वेळ थांबतात?” दिवसभर तिथेच उभे असतात ते. बहुतेक वेळा आधी हसतात, मग नुसता हात करून दाखवतात, कधी एखाद्या कोपऱ्यातल्या अगदी छोट्या चित्राकडे.