केसपेपरवर नसलेले कुटुंब

सरकारी रुग्णालयाच्या खिडकीवर केसपेपर काढताना रुग्णास नाव, वय, गाव आणि मोबाइल क्रमांक विचारला जातो. घरी कोण कोण असते, स्वयंपाक कोणाच्या चुलीवर होतो, औषधाचे पैसे कोणाच्या हातून सुटतात आणि रात्री रुग्णाजवळ कोण निजते, हे मात्र कोणी विचारीत नाही. हे प्रश्न वैद्यकाच्या कक्षेबाहेरचे आहेत असा समज आहे. प्रस्तुत लेखक वैद्य नाही, अर्थशास्त्राचा अध्यापक आहे. परंतु डॉक्टरांनी लिहून दिलेला उपचार प्रत्यक्षात येणे म्हणजे घरातील पैसा, वेळ आणि श्रम यांची वाटणी होणे, एवढे त्यालाही कळते. ती वाटणी कशी होते हे ठाऊक नसताना दिलेला उपचार पुष्कळदा कागदावरच राहतो.

माझ्या मावशीचे उदाहरण सांगतो. वय सत्तरीपुढचे, मधुमेह जुना, पायाला जखम. एका रुग्णालयात बारा दिवस राहून ती घरी आली. सही करावयास, पैसे भरावयास आणि डॉक्टरांच्या सूचना ऐकावयास सुरतेहून थोरला मुलगा आला होता. त्याने सर्व सूचना मन लावून ऐकल्या आणि तिसऱ्या दिवशी तो कामावर परत गेला. सूचना अशी होती की, सकाळी व सायंकाळी इन्शुलिन घ्यावे आणि त्यानंतर अर्ध्या तासाने जेवावे. आता घरची व्यवस्था पाहा. शेताची वाटणी झाल्यापासून मावशीची भाकरी धाकट्या दोन मुलांकडे पंधरा-पंधरा दिवसांच्या पाळीने असते. फ्रीज एकाच घरी, म्हणून इन्शुलिन तेथे. दुसऱ्या घरची पाळी असली म्हणजे ती सकाळी सातला टोचून घेई आणि मग भाकरीची वाट पाहत ओट्यावर बसे. कापूस वेचणीचे दिवस होते. त्या घरची सून पहाटेच शेतात जाई आणि परतून चूल पेटवी तेव्हा दहा वाजलेले असत. एके दिवशी साखर उतरून मावशी ओट्यावरच कोसळली. पुन्हा दाखल केल्यावर तिच्या कागदावर शेरा पडला : रुग्ण सूचना पाळीत नाही. वास्तविक सूचना तिने अक्षरशः पाळली होती. न पाळणारी होती ती भाकरी.

येथे चूक कोणा एका डॉक्टराची म्हणता येणार नाही. आपल्याकडे ‘कुटुंब’ या एकाच शब्दाखाली निदान तीन वेगळ्या गोष्टी वावरतात आणि रुग्णालयाची गाठ चुकीच्या कुटुंबाशी पडते. पहिले कुटुंब शिधापत्रिकेवरचे. २०१२ च्या जुलैत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना राज्यातील ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली त्यांत धुळे होते. पुढे २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. ती योजना शिधापत्रिकेला कुटुंब मानीत आली. दुसरे कुटुंब जनगणनेचे. ती एका चुलीवर जेवणाऱ्यांस एक कुटुंब धरते. तिसरे कुटुंब आजारी माणसाच्या खाटेभोवती जमणारे. त्यात शहरातला मुलगा असतो, जावई असतो, सोयरे असतात. निर्णय हे तिसरे कुटुंब घेते, विमा पहिल्याच्या नावाने मिळतो आणि सेवा पडते ती दुसऱ्यातील एखाद्या सुनेवर. सूचना ऐकताना नेमकी तीच हजर नसते.

एकत्र कुटुंब म्हणजे गरिबाचा विमा, असे आम्ही वर्गात शिकवितो आणि त्यात तथ्य आहे. रोझेन्झ्वाइग व स्टार्क या अर्थशास्त्रज्ञांनी भारतीय खेड्यांतील माहितीवरून १९८९ मध्ये दाखवून दिले की, मुली दूरच्या गावी देण्यामागे पावसाची जोखीम वाटून घेण्याचाही हेतू असतो. एका गावी दुष्काळ पडला तर दुसऱ्या गावचे सोयरे उपयोगी पडतात. पण हा विमा पैशाचा आहे. सुरतेहून पैसे एका क्षणात येतात. जखम धुवावयास हात येत नाहीत. आमच्या खानदेशातली कुटुंबे एकत्र दिसतात ती लग्नपत्रिकेवर. माणसे मात्र सुरतेच्या मागांवर, पुण्याच्या कारखान्यांत आणि उसाच्या फडांत पांगलेली असतात. ऊसतोडीच्या करारात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. चाळीसगावाकडचा असा कोयता दिवाळीनंतर निघाला म्हणजे मागे उरतात म्हातारी माणसे. नेहमीच्या क्षयरोगाचा उपचार साधारणतः सहा महिन्यांचा, आणि ऊसतोडीचा हंगामही जवळपास तेवढाच. अशा घरातील रुग्णास ‘नियमित या’ म्हणून सांगण्यापूर्वी तो पुढील महिन्यात कोठे असेल हे विचारावयास नको काय?

सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपडा, यावल, शिरपूर या भागांत, हा प्रश्न आणखी नाजूक होतो. तेथील आदिवासी समाजात सिकलसेलचा आजार आहे. २०२३ च्या जुलैत केंद्र सरकारने त्याच्या निर्मूलनाची मोहीम सुरू केली. आई व बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. येथे कुटुंबाची चौकशी हेच निदानाचे साधन. तीन पिढ्यांचा वंशवृक्ष काढला म्हणजे रक्त कोणाकोणाचे तपासावयाचे ते कळते. परंतु हीच माहिती चावडीवर गेली तर मुलीचे लग्न मोडते, आणि आजारी मूल जन्मले तर दोष सुनेच्या पदरी बांधला जातो. दोष बीजाचा असलाच तर तो दोन्हीकडून निम्मा-निम्मा येतो, हे सासूला समजावून सांगणे हा उपचाराचाच भाग मानावयास हवा.

म्हणून केवळ प्रश्न विचारून भागणार नाही. तो कोणासमोर विचारला हेही महत्त्वाचे. अमेरिकेतील डॉ. गॅब्रिएल स्मिल्कस्टाइन यांनी १९७८ मध्ये पाच प्रश्नांची एक चाचणी तयार केली. अडचणीत घरच्यांची मदत मिळते काय, ते आपल्याशी विचारविनिमय करतात काय, अशा स्वरूपाचे प्रश्न आणि एकूण दहा गुण. साधन उपयुक्त आहे. मात्र सासू शेजारी बसलेली असताना ते आमच्याकडील सुनेस दिले तर दहापैकी दहा गुण पडतील!

डॉक्टरांना वेळ कोठे आहे, हा आक्षेप रास्त आहे. प्राथमिक आरोग्यसेवेतील डॉक्टर एका भेटीस किती वेळ देतात याचा जगभरचा आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात बांगलादेशात सरासरी ४८ सेकंद आणि स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटे आढळली. आपल्या बाह्यरुग्ण विभागातील रांगा पाहता आपण यांपैकी कोणाला जवळचे, हे सांगावयास नको. पण हे काम डॉक्टरांनीच केले पाहिजे असे नाही. शासकीय रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षकांची पदे आहेत. त्यांचा दिवस योजनांचे कागद जुळविण्यात न घालविता त्यांना खाटेजवळ बसू द्यावे. गावात आशा कार्यकर्ती आहे. तिस वर्षांवरील प्रत्येकाचा जो तक्ता ती भरते त्यात तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, घराण्यातील मधुमेह असे रकाने आहेत. भाकरी कोणाकडे, हा रकाना नाही. तिला ते तोंडपाठ असते. फक्त तिच्याकडून ते रुग्णालयापर्यंत पोहोचत नाही.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात कुटुंब दत्तक कार्यक्रम आणला. त्यानुसार प्रत्येक विद्यार्थी काही कुटुंबांच्या घरी जाऊन नोंदी ठेवतो. धुळ्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जुने आहे, जळगावचे २०१८ पासूनचे. दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना गावात जाऊन जे विचारावयाचे तेच त्यांच्या रुग्णालयातील खाटेजवळ विचारावयास लावणे अवघड नाही. रुग्णास घरी सोडण्याच्या कागदावर चार ओळी वाढवाव्यात : सेवा कोण करणार, जेवण कोठून व किती वाजता, पैशाचा निर्णय कोणाचा, पुढील सहा महिने मुक्काम कोठे. आणि पहिल्या ओळीत जिचे नाव येईल तिला बोलावून आणल्याखेरीज सूचना सांगूच नयेत. एक दिवस उशीर झाला तरी चालेल.

मावशीला दुसऱ्या खेपेस सोडताना एका शिकाऊ परिचारिकेने सहज विचारले, “आजी, सकाळी भाकरी कोण देतं?” मावशीने सांगितले ते ऐकून ती उठली आणि डॉक्टरांना घेऊन आली. सकाळच्या इन्शुलिनची वेळ बदलली, आणि धाकट्या सुनेला निरोप गेला.