दुसरं हेल्मेट कुणाचं?

आमच्या कुरखेड्यात बाईक म्हणजे आपले पायच! रेल्वे पकडायची तरी आधी वडसा गाठावं लागतं. सुट्टीत आमचा ग्रुप कोरचीच्या रस्त्याला निघतो. बेडगावचा घाट, दोन्हीकडे जंगल, टपरीवरचा चहा... कुणाची चेन उतरली की सगळे थांबतात. पेट्रोल संपलं तर दुसरा पाय लावून ढकलत आणतो. दोस्ती म्हणजे हीच, असं मला वाटायचं.

मागच्या उन्हाळ्यात अचानक गाय आडवी आली. चालवणारा वाचला, कारण हेल्मेट होतं. मागे बसलेल्या मित्राच्या डोक्याला फक्त रुमाल बांधलेला; कपाळावर सात टाके पडले. बाईक मी चालवत होतो.

मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम १२९ मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचं करतं. आपण मात्र पोलीस दिसले की घालतो, तेही एकटेच! उकडतं, ओझं होतं, मान्य. पण हॉस्पिटलच्या व्हरांड्यात त्याच्या आईसमोर मान खाली घालून उभं राहणं त्याहून जड असतं. म्हणून "बस मागे" म्हणण्याआधी त्याच्या हातात हेल्मेट द्या. नसेल तर किक मारूच नका. पटतंय ना?