स्पीकर, राउटर आणि बाबांची वही

दिवाळीत सांगलीला गेलो होतो. हॉलमधल्या टेलिफोनच्या स्टुलावर (टेलिफोन कधीच गेला, स्टूल आहे) बाबांची वही दिसली. बाबांना बँकेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण समास आखायची सवय काही गेली नाही. पानाचं शीर्षक होतं, 'गाणे लावण्याची रीत'. खाली अकरा पायऱ्या. "१. राउटरचा हिरवा दिवा पाहणे. २. मोबाइल बंद करून चालू करणे..." असं करत करत शेवटी, "११. तरीही न लागल्यास सोडून द्यावे. पुण्याला फोन करू नये, तो कामात असतो."

तो म्हणजे मी.

झालं असं होतं की बाबांच्या पंचाहत्तरीला ताईने आणि मी मिळून त्यांना दोन वायरलेस स्पीकर दिले. एक हॉलमध्ये, एक मागच्या खोलीत. हेतू हा की सकाळी कुमारांची निर्गुणी भजनं घरभर ऐकू यावीत. मी एका संध्याकाळी सगळं जोडलं, बाबांना दाखवलं आणि दुसऱ्या दिवशी पुण्याला परतलो. मग फोन यायला लागले. "अरे, आज तो स्पीकर दिसतच नाहीये." मी मीटिंगमधून बाहेर येऊन म्हणायचो, "बाबा, तुम्ही काहीतरी दाबलं असेल." हळूहळू फोन बंद झाले. मला वाटलं, जमलं त्यांना!

वही वाचल्यावर दोन दिवस घरातच ठाण मांडून बसलो. एकेक गोष्ट तपासली, तेव्हा कळलं की बाबांनी काहीही दाबलेलं नव्हतं.

पहिला दोष माझाच. फायबरवाल्याचा डबा हॉलमध्ये. आमचं घर जुनं, भिंती अठरा इंची, त्यामुळे मागच्या खोलीत वायफाय पोचेना म्हणून मी तिथे आणखी एक राउटर लावून ठेवला होता. त्याने आपलं वेगळं नेटवर्क मांडलं. म्हणजे एका घरात दोन चुली! मोबाइल स्पीकरला शोधतो ते चाळीच्या जिन्यात उभं राहून हाक मारावी तसं, "कोण आहे का?" स्पीकर त्याच चाळीत असेल तर ओ देतो. पण मोबाइल एका राउटरवर आणि स्पीकर दुसऱ्यावर असेल, तर ती हाक शेजारच्या इमारतीत जातच नाही. बाबा हॉलमधून आत गेले की मोबाइल गुपचूप राउटर बदलायचा आणि स्पीकर गायब. उपाय पाच मिनिटांचा होता. दुसरा राउटर 'ॲक्सेस पॉइंट' म्हणून चालवायचा, की घरात नेटवर्क एकच राहतं.

दुसरी गोष्ट लाइटची. लाइट गेली की इन्व्हर्टरवर पंखे आणि दिवे चालत, राउटर नाही. लाइट आली की राउटर सगळ्यांना नव्याने पत्ते वाटणार. काल एका आकड्यावर राहणारा स्पीकर आज भलत्याच आकड्यावर, आणि मोबाइलचं ॲप जुन्याच दारावर टकटक करत बसणार. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन दोन्ही स्पीकरचे पत्ते कायमचे राखून ठेवले. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, तो आणला.

तिसरी गोष्ट, गाणं मध्येच तुटणं. स्पीकर २.४ गिगाहर्ट्झवर चालणारे. या लहरी भिंतीतून बऱ्यापैकी आरपार जातात, पण गर्दीही तिथेच. शेजाऱ्यांचे राउटर तिथे, ब्लूटूथ तिथे, आपला मायक्रोवेव्हही तिथेच. एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. आमचा राउटर 'ऑटो'वर होता आणि मनाला येईल तेव्हा चॅनेल बदलत होता. ११ वर गर्दी कमी दिसली, तिथे बांधून टाकला. आणि हॉलमधला डबा ते मागचा राउटर अशी साधी केबल भिंतीच्या कडेने ओढली. हॉलमधला स्पीकरही केबलनेच जोडला. वायरलेस स्पीकरला वायर लावली म्हणून ताई अजून हसतेय. हसू दे. माझं आता ठाम मत झालंय की जी वस्तू जागची हलत नाही तिला वायर लावावी. हवा मोबाइलसाठी ठेवावी.

ताईचं म्हणणं, "यापेक्षा रेडिओच बरा होता की. कान पिळला की वाजायचा." अर्धं मान्य. पण रेडिओ आपल्याला हवं तेव्हा कुमार लावत नाही. ब्लूटूथ म्हणाल तर मोबाइल स्पीकरच्या आसपासच ठेवावा लागतो आणि ऐन रंगात फोन आला की भजन थांबतं.

माझी तक्रार नव्या वस्तूंबद्दल नाहीच, ती देणाऱ्यांबद्दल आहे. म्हणजे आपल्याबद्दल. आपण हौसेने वस्तू आणतो, एका संध्याकाळी जोडतो आणि निघून जातो. ती बिघडली की दोष वापरणाऱ्याच्या वयावर टाकून मोकळे. रेडिओ बिघडला तर बाबा म्हणायचे, "रेडिओ बिघडला." स्पीकर बंद पडल्यावर म्हणायला लागले, "मला जमत नाही." आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशोब पैशापर्यंत जुळवणारा माणूस! आणि हे म्हणायला त्यांना मी शिकवलं, फोनवर, घाईघाईत.

म्हणून आता स्वतःपुरता नियम केलाय. आईबाबांच्या घरी नेटवर्कवरची कुठलीही वस्तू द्यायची तर निदान आठवडाभर तिथे राहायचं. एकदा लाइट जाऊ द्यायची. मेन स्विच पाडला तरी चालेल. मग हात न लावता बघत बसायचं, की त्यांना ती वस्तू एकट्याने चालू करता येते का. नाही आली, तर वस्तू आपल्याबरोबर परत न्यायची. तुमच्याही घरी पंचाहत्तरी असेल तर बघा पटतंय का.

निघायच्या दिवशी सकाळी सहाला मागच्या खोलीतून भजन ऐकू आलं. मी उठलो नाही. नंतर वही पाहिली तर दहा पायऱ्या पेन्सिलीने खोडलेल्या होत्या. अकरावी होती तशीच आहे. ती मला खोडून घ्यायची आहे, पण ते काम राउटरमध्ये जाऊन होणार नाही.