तान्ह्याजवळ कोण बसणार?



सुगी आली की घरातलं सगळं माणूस रानात जातं. कुत्रंसुद्धा गाडीमागं निघतं. मागं राहतं ते पाळण्यातलं तान्हं. त्याच्याजवळ कोण बसणार, हे आपल्या घरात कोणी मोठ्यानं विचारत नाही, कारण उत्तर ठरलेलं असतं. म्हातारी धडधाकट असली तर म्हातारी, नाहीतर थोरली पोर.

आमच्या घरीही तसंच ठरलं होतं. सोयाबीनची सोंगणी आणि कांद्याची लावण एकाच आठवड्यात आली. मजूर मिळेना. सूनबाईचं बाळ तेव्हा सात महिन्यांचं. "मी आहे ना घरी," असं मी म्हटलं खरं, पण माझे गुडघे असे झालेत की बाळ घेऊन खाली बसले तर उठवायला दुसरं माणूस लागतं. म्हणून चौथीतल्या नातीला शाळा बुडवून घरी ठेवलं. मीच ठेवलं, दोष दुसऱ्या कोणाचा नाही.

तिसऱ्या दिवशी बाळ रडायला लागलं. पोरीनं झोळीला जोरजोरात झोके दिले. झोळीची गाठ सुटली आणि बाळ खाली आलं. नशीब की खाली गोधडी होती. कपाळाला टेंगूळ आलं. तालुक्याला नेलं, डॉक्टरांनी रात्रभर नजरेखाली ठेवलं आणि सकाळी सोडलं. बाळ हसत घरी आलं, पण नात आठ दिवस त्याच्याजवळ जाईना. "माझ्या हातून पडला," एवढंच म्हणायची. नऊ वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर आपण केवढं ओझं दिलं होतं, ते मला तेव्हा कळलं.

मग घरात ठरलं की बाळ सांभाळायला बाई ठेवायची. पण बाई ठेवायची म्हटल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं, तेही सांगते. गावाबाहेर मजुरांची पालं पडली होती. त्यातली बारा-एक वर्षांची चुणचुणीत पोर मी हेरली. दोन वेळचं जेवण, वर्षाला दोन परकर-पोलकी आणि आईच्या हातावर थोडे पैसे, एवढ्यात काम भागलं असतं. मी तसं बोलून दाखवलं, तर नात ताटावरून म्हणाली, "आजी, ती आमच्याच शाळेत येते."

घास तसाच हातात राहिला. आपली पोर शाळेत जावी म्हणून दुसऱ्याची शाळेतून काढायची, हे कुठलं शहाणपण? शिवाय तो गुन्हाही आहे. चौदा वर्षांखालच्या मुलाला घरकामाला ठेवायला २००६ सालापासून बंदी आहे. २०१६ साली कायदा आणखी कडक होऊन त्या वयाच्या मुलांना सगळ्याच कामांवर ठेवायची मनाई झाली. कायदा बाजूला ठेवला तरी सरळ गोष्ट ही, की लेकराला लेकराच्या हाती देऊ नये.

मग शोध सुरू झाला. या गावची पाहुणी, त्या गावची मावशी, सगळीकडे निरोप गेले. पंधरा दिवस गेले आणि बाई सापडली ती आमच्याच मागच्या आळीत. काखेत कळसा आणि गावाला वळसा. पन्नाशी उलटलेली, एकटी राहणारी. चार लेकरं तिनं वाढवलेली. कंबर धरल्यामुळं दिवसभर वाकून लावण करणं तिला होत नव्हतं, म्हणून मुकादम तिला टोळीत घेत नव्हता. बसून-उठून करायचं काम मिळालं तर तिला हवंच होतं. अशी एखादी बाई बहुतेक गावांत असते. आपण तिच्याकडं मजूर म्हणून बघतो, म्हणून ती दिसत नाही.

घरात कुरबूर झाली. "आपल्यातली नाही ती," असं कोणी म्हणालं. खोटं कशाला बोलू, माझ्याही मनात ते होतं. पण आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टरनी एका वाक्यात मला वाटेवर आणलं. त्या म्हणाल्या, "आजी, बाईची जात विचारू नका. तिला खोकला आहे का ते विचारा."

किती खरं बोलल्या! दोन आठवड्यांवर खोकला असेल, ताप येत असेल, वजन उतरत असेल, तर आधी सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी करून घ्यायची. क्षयाची तपासणी आणि औषध तिथं फुकट आहे. मोठ्यांचा खोकला तान्ह्याला फार लवकर धरतो. दुसरं विचारायचं ते मिश्री-तंबाखूचं. आपल्याकडं पुष्कळ बायका मिश्री लावतात. तेच बोट बाळाच्या तोंडात जातं. मावशीही लावायची. तिला सरळ सांगितलं, की आमच्याकडं असताना मिश्री नको, आणि आल्याबरोबर साबणानं हात धुवायचे. ती रागावली नाही. रागावली असती तरी मी सांगितलंच असतं.

आता रोजाची गोष्ट. इथं आपलं शेतकऱ्याचं मन आखडतं. "नुसतं बसून तर राहायचंय, त्याचा कसला पुरा रोज?" असं मुलगा म्हणाला. सूनबाई म्हणाली, "मग एक दिवस तुम्ही बसा." तो बसला. दुपारी भाकरी थंड झाली तरी त्याला जेवायला सवड नव्हती. संध्याकाळी तो काही बोलला नाही, पण रोज पुरा ठरला. कांद्याच्या लावणीला बाईला जो रोज, तोच मावशीला.

हिशेब करून पाहा. सूनबाई रानात गेली, तर आपली एक रोजंदारीची बाई वाचते. तो रोज मावशीला गेला. पैशाला पैसा, बरोबरीत सुटलं. मग नफा काय? नात शाळेत गेली, बाळ मोठ्या माणसाच्या हाती राहिलं, आणि मजूर मिळत नाही त्या दिवसांत घरचं एक माणूस कामाला मिळालं. हा नफा वहीत दिसत नाही, पण घरात दिसतो.

मूल सांभाळणं हेही कामच आहे, हे सरकारनंही मानलं होतं. २००५ च्या रोजगार हमीच्या कायद्यात लिहिलेलं होतं, की कामावर आलेल्या बायांची सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील, तर त्यांतली एक बाई मुलं सांभाळायला नेमायची आणि तिला मजुरी द्यायची. माती उपसणारीला मजुरी आणि मूल सांभाळणारीलाही मजुरी. जे सरकारी कामावर मानलं गेलं, ते आपल्या बांधावर का मानू नये?

रोज ठरवताना सगळं तोंडावर बोलून घ्या. किती वाजता यायचं, किती वाजता जायचं, जेवण आपल्याकडं की तिच्या घरी, पैसे रोजच्या रोज की आठवड्याच्या बाजाराला. पावसामुळं काम बंद राहिलं तर तिचा रोज बुडायचा की नाही, तेही. आणि बाळ सांभाळणारीला भांडी घासायला, धान्य पाखडायला लावू नका. सुपात लक्ष गेलं की पाळण्यातलं जातं.

पहिले तीन दिवस सूनबाई रानात गेली नाही. मावशीला बाळाजवळ बसवलं आणि ती घरातलं काम करत नुसतं बघत राहिली. बाळ रडलं की बाई काय करते, हेच बघायचं. आधी लंगोट चाचपते, पोटाला हात लावते, की लगेच तोंडात काहीतरी कोंबते? हाक मारते की खेकसते? बाळही तीन दिवसांत वास ओळखतं, आवाज ओळखतं. एकदम टाकून गेलं, की ते आईलाही शोधतं आणि बाईलाही छळतं.

काय करायचं नाही, ते आम्ही मावशीला नीट सांगितलं. तिनं चार वाढवले होते, पण काही गोष्टी आता वेगळ्या कळल्या आहेत.

पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय काही नाही. पाणी नाही, गुटी नाही, साखरेचं पाणी नाही. वर्षाच्या आत मधाचं बोटही नाही, त्यानं तान्ह्याला विषबाधा होऊ शकते. आमचं बाळ सात महिन्यांचं, म्हणून मऊ भात, वरण, मऊ केलेलं केळं चालू होतं. तरी दूध आईचंच. आमचं रान जवळ, म्हणून मावशी दोनदा बाळाला बांधावर न्यायची. रान लांब असेल तर आईनं हात धुऊन दूध पिळून, उकळून घेतलेल्या झाकणाच्या भांड्यात ठेवावं. सावलीत, गार जागी ते तीन-चार तास चालतं. उन्हाळ्यात त्याआधीच पाजावं. पाजायचं ते वाटी-चमच्यानं नाहीतर बोंडल्यानं. बाटली नको. ती नीट धुतली जात नाही, आणि हगवणीची सुरुवात तिथूनच होते.

झोप लागावी म्हणून काहीही देऊ नका. पूर्वी मुंबईच्या गिरणीत जाणाऱ्या आया लेकरांना अफूची बाळगोळी देऊन कामावर जायच्या. बाळ दिवसभर गप पडायचं, कधी कायमचं. आता अफू गेली, पण खोकल्याच्या औषधाचं चमचाभर पाणी देणारे आहेतच. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय थेंबही नाही. खूप झोपणारं बाळ म्हणजे गुणी बाळ, असं समजू नका.

बाळाला निजवायचं ते पाठीवर. तोंडावर दुपटं नको, जवळ उशी नको. झोळीची गाठ रोज ओढून बघायची. हे मी आता कोणाला सांगायला नको. झाडाखाली झोळी बांधली तर मुंग्या, विंचू, कुत्रं यांच्याकडं लक्ष. विहिरीवर आणि चुलीजवळ बाळ घेऊन जायचं नाही. धुरी द्यायची नाही.

आणि आईनंही एक पाळायचं. फवारणी झालेल्या पिकातून आलात, तर आधी हातपाय धुवा, लुगडं बदला, मग बाळाला घ्या. फवारणीच्या बाटल्या कुलपात ठेवा. रिकामी बाटलीसुद्धा घरात वापरू नका.

बाळ दूध ओढेना, अंग तापलं किंवा गार पडलं, श्वास जोरात चालला, बरगड्या आत जाऊ लागल्या, झटके आले किंवा उठवूनही उठेना, तर कोणाची वाट न पाहता १०८ वर फोन करायचा, आणि नंतर आम्हाला. मावशीला वाचता येत नाही, म्हणून नातीनं दाराच्या आत कोळशानं मोठे आकडे काढून दिले आणि फोन लावायला शिकवलं. लसीचं कार्ड खुंटीला टांगलं. रानाच्या धांदलीत लसीची तारीख चुकते, म्हणून ती मावशीकडून आठवण यायची.

रोज दिला म्हणजे सगळं दिलं असं नाही. आमच्याकडं मावशीला चहा वेगळ्या कपात द्यायची पद्धत होती. पहिल्या आठवड्यात मीच तो कप उचलून ठेवला. जिच्या कडेवर आपलं लेकरू दिवसभर आहे, तिला कप वेगळा कसला? छत्रपती संभाजीराजांचा जन्म १६५७ साली पुरंदरावर झाला. त्यांना दूध पाजलं ते कापूरहोळच्या धाराऊंनी. आज साडेतीनशे वर्षांनंतरही लोक त्यांना दूधआई म्हणून हात जोडतात. राजाच्या घरी जी कदर झाली, ती आपल्या ओसरीवर निदान चहाच्या कपापुरती तरी व्हावी.

सगळ्यांनाच एकटीला बाई परवडेल असं नाही. मग दोन घरांनी मिळून ठेवा. पण एका बाईकडं तान्ही दोनच, त्यावर नको. काही गावांत अंगणवाडीला जोडून पाळणाघर असतं. तिथं सहा महिन्यांवरची मुलं घेतात. आपल्या गावात आहे का, ते सेविकेला विचारा, आणि नसेल तर ग्रामसभेत उठून मागा. बाईमाणसानं ग्रामसभेत पाळणा मागायचा नाही, तर कोणी मागायचा?

कांदा निघाला, सुगी सरली. मावशीचं काम संपलं, पण आम्ही तिला एकदम बंद केलं नाही. आधी दिवसाआड, मग बाजाराच्या दिवशी. बाळानं तिचा आवाज ओळखीचा करून घेतला होता. तो तोडायचा तर हळूच तोडावा. आता बाळ पावलं टाकतं, आणि दार उघडं दिसलं की मागच्या आळीकडं निघतं. नात त्याचं बोट धरून नेते. तिला आता त्याला उचलायची भीती वाटत नाही. पण उचलायची सक्तीही नाही. दप्तर टाकून झालं की मग.

तुमच्या गावात सुगीला तान्ह्याजवळ कोण बसतं आणि तिला काय मिळतं, ते पत्र टाकून जरूर कळवा. आणि पत्र नातीला लिहायला लावलंत तर ती शाळेत जाते का, तेही मला अक्षरावरून कळेल.