एकजूट: ठरावातली आणि रस्त्यावरची

आंतरराष्ट्रीय एकजुटीचा ठराव संमत झाला नाही, असे आपले अधिवेशन सहसा होत नाही. ठराव वाचला जातो, हात वर होतात, घोषणा होतात आणि सभा पुढच्या विषयाकडे वळते. अशा ठरावांना अर्थ नसतो, असे आमचे म्हणणे नाही. कोणत्या बाजूला उभे राहायचे हे एकदा जाहीरपणे सांगावेच लागते. परंतु ठराव ही एकजुटीची प्रतिज्ञा आहे, प्रत्यक्ष एकजूट नव्हे. प्रतिज्ञा आणि तिचे पालन यांमधले अंतर कोण कापतो आणि कसे कापतो, हा खरा प्रश्न आहे. ब्रिटन व आयर्लंडमधील वर्णद्वेषविरोधी चळवळीच्या स्थानिक कार्यकर्त्यांनी तीन दशके जे काम केले, त्यात या प्रश्नाचे उत्तर सापडते. म्हणून त्या इतिहासाची उजळणी आम्हाला आज अगत्याची वाटते.

१९ जुलै १९८४ रोजी डब्लिन शहरातील हेन्री स्ट्रीटवरच्या डन्स स्टोअर्स या दुकानात मेरी मॅनिंग नावाची एकवीस वर्षांची कामगार मुलगी गल्ल्यावर बसली होती. सभासदांनी दक्षिण आफ्रिकेचा माल हाताळू नये, असा ठराव तिच्या युनियनने वार्षिक परिषदेत केला होता. त्या देशातून आलेली दोन ग्रेपफ्रूट एका ग्राहकाने तिच्यासमोर ठेवली आणि मेरीने त्यांचे पैसे घेण्यास नकार दिला. व्यवस्थापनाने तिला निलंबित केले. युनियनची प्रतिनिधी कॅरेन गिअरन आणि मूठभर सहकारी तिच्यामागोमाग दुकानाबाहेर पडले. आठवड्याला एकवीस पौंड एवढ्या संपभत्त्यावर हा संप पावणेतीन वर्षे चालला.

या संपकऱ्यांना वर्णद्वेषी राजवटीची सुरुवातीला फारशी माहिती नव्हती. निम्रोद सेजाके हे दक्षिण आफ्रिकेतून परागंदा झालेले कामगार पुढारी त्यांच्या निदर्शनात येऊन उभे राहिले. काळ्या कामगाराचे जिणे कसे असते, हे त्यांनी त्या फुटपाथवरच समजावून सांगितले. युनियनची शिस्त म्हणून सुरू झालेला संप अशा रीतीने जाणिवेचा संप झाला. १९८५ साली संपकरी स्वतः दक्षिण आफ्रिकेला गेले, तेव्हा त्यांना विमानतळावरूनच परत पाठवण्यात आले. अखेर १९८७ साली आयर्लंडच्या सरकारने दक्षिण आफ्रिकेतील फळे व भाजीपाला यांच्या आयातीवर बंदी आणली आणि संप संपला. एका युनियनच्या कागदावरचा ठराव एका गल्ल्यावर अमलात आला, आणि त्यातून एका देशाचे धोरण बदलले.

परंतु कोणतीही ठिणगी ओल्या गवतात पेट घेत नाही. आयर्लंडमध्ये वर्णद्वेषविरोधी चळवळ १९६४ साली स्थापन झाली होती. तिचे संस्थापक कादर अस्मल हे नाताळ प्रांतातील भारतीय वंशाच्या कुटुंबात जन्मलेले आणि डब्लिनच्या ट्रिनिटी महाविद्यालयात कायदा शिकवणारे अध्यापक होते. पुढे १९९४ साली मंडेलांच्या मंत्रिमंडळात त्यांचा समावेश झाला. त्यांचे राहते घर हेच या चळवळीचे कार्यालय होते. १९७० च्या जानेवारीत दक्षिण आफ्रिकेचा गोरा रग्बी संघ डब्लिनमध्ये खेळण्यास आला, तेव्हा त्याच्याविरुद्ध मोठी निदर्शने झाली. मेरीच्या नकारामागे सभा, पत्रके आणि निदर्शने यांची अशी वीस वर्षांची मशागत होती.

ब्रिटनमधील चळवळीची सुरुवातही अशीच साधी होती. दक्षिण आफ्रिकेतून आलेल्या बहिष्काराच्या हाकेला प्रतिसाद म्हणून २६ जून १९५९ रोजी लंडनमध्ये सभा झाली. ज्युलियस न्येरेरे आणि फादर ट्रेव्हर हडलस्टन यांची तेथे भाषणे झाली आणि बहिष्कार चळवळ उभी राहिली. २१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिल येथे पोलिसांनी ६९ माणसे गोळ्या घालून मारली, त्यानंतर हिचेच नाव वर्णद्वेषविरोधी चळवळ असे झाले. तिच्या संस्थापकांत वेला पिल्ले हे दक्षिण आफ्रिकेतील भारतीय वंशाचे कम्युनिस्ट होते. गुजरातेतून तिकडे गेलेल्या कुटुंबातील डॉ. युसूफ दादू पुढे दक्षिण आफ्रिकी कम्युनिस्ट पक्षाचे अध्यक्ष झाले. १९८३ साली त्यांचे लंडनमध्ये निधन झाले आणि हायगेट दफनभूमीत, मार्क्सच्या समाधीजवळ, त्यांना मूठमाती देण्यात आली. स्वतः भारताने तर स्वातंत्र्य मिळण्यापूर्वीच, १९४६ साली, दक्षिण आफ्रिकेशी व्यापार बंद केला होता. तेव्हा ही कहाणी आपल्याला परकी नाही.

लंडनचे मुख्य कार्यालय लहान होते आणि पैसा बेताचा होता. चळवळीचे खरे बळ गावोगावच्या स्थानिक गटांत होते, आणि १९८० च्या दशकात त्यांची संख्या शंभराच्या वर गेली होती. शिक्षक, रेल्वे कामगार, परिचारिका, विद्यार्थी, चर्चला जाणाऱ्या वृद्ध स्त्रिया आणि कम्युनिस्ट कार्यकर्ते त्यांत एकत्र बसत. त्यांचे कामही डोळे दिपवणारे नव्हते. शनिवारी बाजाराच्या वेळी मोठ्या दुकानासमोर घडीचे टेबल मांडावे. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातात पत्रक द्यावे आणि फळावरची चिठ्ठी वाचून मग खरेदी करा, असे सांगावे. सह्या गोळा कराव्यात आणि चळवळीचे मासिक विकावे. सभागृहात चित्रपट दाखवावा, परागंदा कार्यकर्त्याचे भाषण ठेवावे, जुन्या कपड्यांचा व भांड्यांचा बाजार भरवून निधी उभा करावा. टांझानियातील मझिंबू येथे आफ्रिकन नॅशनल काँग्रेसने परागंदा मुलांसाठी सॉलोमन मह्लांगू यांच्या नावाने शाळा चालवली होती. तिच्यासाठी पुस्तके व साहित्य जमवण्याचे कामही या गटांनी केले.

पावसात भिजत उभ्या राहिलेल्या त्या टेबलाने राजवट कोसळेल, असे त्या दिवशी कोणाला वाटले असेल? तरीही थेंबे थेंबे तळे साचत गेले. बार्कलेज बँकेचा दक्षिण आफ्रिकेत मोठा व्यवसाय होता. विद्यार्थी संघटनांनी आणि स्थानिक गटांनी वर्षानुवर्षे तिच्या शाखांसमोर उभे राहून खातेदारांना खाती बंद करण्याची विनंती केली. १९८६ च्या नोव्हेंबरमध्ये बँकेने दक्षिण आफ्रिकेतून अंग काढून घेतले. ग्लासगो महापालिकेने १९८१ साली तुरुंगातील मंडेलांना नगराचे नागरिकत्व दिले. दक्षिण आफ्रिकेचा वाणिज्य दूतावास ज्या चौकात होता, त्याचे नाव तिने १९८६ साली नेल्सन मंडेला प्लेस असे ठेवले. ज्या कैद्याला राजवटीने जगापासून लपवले, त्याचेच नाव तिच्या वाणिज्य दूतावासाच्या पत्त्यात येऊन बसले! १९८८ च्या जूनमध्ये ग्लासगोहून पंचवीस पदयात्री लंडनकडे निघाले. मंडेलांच्या कारावासाच्या प्रत्येक वर्षासाठी एक पदयात्री, अशी ती योजना होती. ऑलिव्हर टांबो यांनी त्यांना निरोप दिला. वाटेवरच्या शहरांत ठिकठिकाणच्या गटांनी त्यांचे स्वागत केले, सभा भरवल्या, आणि १७ जुलै रोजी हाईड पार्कमध्ये अफाट जनसमुदाय लोटला. वाटेत स्थानिक गट नसते तर ही यात्रा केवळ पंचवीस माणसांची पायपीट ठरली असती.

येथे दोन गोष्टी स्पष्टपणे नमूद केल्या पाहिजेत. पहिली अशी की, दक्षिण आफ्रिका मुक्त केली ती तेथील जनतेने: सोवेटोच्या मुलांनी, खाणकामगारांनी, १९८५ साली उभ्या राहिलेल्या कोसाटू या कामगार महासंघाने. परदेशातील एकजूट ही त्या लढ्याची साह्यकारी होती, सेनापती नव्हती. शत्रूची रसद तोडणे हे तिचे काम, आणि ते तिने केले. दुसरी गोष्ट अशी की, ही चळवळ मतभेदांपासून मुक्त नव्हती. लंडन शहरातील एका गटाशी मध्यवर्ती चळवळीने १९८५ साली संबंध तोडले. त्याच गटाने पुढे १९८६ ते १९९० अशी जवळजवळ चार वर्षे दक्षिण आफ्रिकेच्या वकिलातीसमोर रात्रंदिवस अखंड निदर्शन केले. व्यापक आघाडी टिकवण्याची चिंता आणि तरुणांचा लढाऊ उतावळेपणा यांतील ताण आपल्यालाही अपरिचित नाही. त्या निष्ठावान तरुणांना सामावून घेता न आल्याने चळवळीचे नुकसान झाले, असे आमचे मत आहे.

दूरच्या लोकांसाठी येथे कशाला ओरडायचे, हा आक्षेप त्या काळीही घेतला जात असे आणि आजही घेतला जातो. गाझातील जनतेसाठी आझाद मैदानावर सभा घेण्याची परवानगी नाकारली गेली. त्याविरुद्धची याचिका २०२५ च्या जुलै महिन्यात फेटाळताना मुंबई उच्च न्यायालयाने, आपल्या देशात प्रश्न पुष्कळ आहेत, त्यांच्याकडे पाहा, अशा आशयाचे मत व्यक्त केले. पुढच्याच महिन्यात ती सभा आझाद मैदानावर झाली. परंतु आक्षेपाचे उत्तर केवळ सभेने पुरे होत नाही. ते द्यावे लागते कामातून. डब्लिनची मेरी स्वतःच्या युनियनचा हक्क आणि जोहान्सबर्गच्या कामगाराचा हक्क एकाच गल्ल्यावर लढली. तिच्या दृष्टीने घरचा प्रश्न आणि परक्याचा प्रश्न असे दोन प्रश्न उरलेच नाहीत. भारतातील जलवाहतूक कामगारांच्या महासंघाने २०२४ च्या फेब्रुवारीत इस्रायलला जाणारा शस्त्रांचा माल हाताळणार नाही, असे जाहीर केले, तेव्हा त्यांनी हीच परंपरा उचलून धरली.

यातून आपण काय घ्यावयाचे? इंदूर, बेळगाव, सुरत, हैदराबाद येथे काम करणारे मराठी साथी असोत किंवा मुंबई-सोलापूरचे, आपल्या एकजूट समित्या बहुधा दिनविशेषापुरत्या जाग्या होतात. दिन साजरा होतो, फलक उतरवून कपाटात जातो आणि पुढच्या वर्षी पुन्हा निघतो. ब्रिटन-आयर्लंडच्या गटांजवळ आपल्यापेक्षा अधिक निष्ठा होती असे नाही. त्यांच्याजवळ वहिवाट होती. त्यांचा वार ठरलेला असे, जागा ठरलेली असे आणि जमाखर्च चोख असे. मुख्य म्हणजे समोरच्या माणसाकडे करावयाची मागणी त्याला त्या क्षणी पुरी करता येण्याजोगी असे: हे फळ घेऊ नका, हे खाते बंद करा, येथे सही करा. साम्राज्यवादाचा धिक्कार करा, एवढेच सांगितल्यावर ऐकणारा मान डोलावतो आणि घरी जातो. त्याच्या हाताला काही काम द्यावे लागते.

तेव्हा आमची सूचना साधी आहे. प्रत्येक शाखेने एकजुटीचे एक ठरावीक काम निवडावे. पॅलेस्टाईन असो वा क्यूबा, जेथील जनता झगडते आहे तिचे म्हणणे प्रथम समजून घ्यावे, आणि मग आपल्या वस्तीत, कारखान्याच्या फाटकावर किंवा महाविद्यालयात महिन्यातून एक दिवस नेमाने उभे राहावे. चित्रपट दाखवावा, व्याख्यान ठेवावे, निधी जमवून त्याची पावती द्यावी. पक्षाबाहेरच्या माणसाला नुसते श्रोता न ठेवता कामाचा वाटेकरी करावे. पहिल्या महिन्यात पाच माणसे थांबतील, दुसऱ्या महिन्यात कदाचित तीनच. तरीही टेबल मांडलेच पाहिजे.

१९९० साली तुरुंगातून सुटलेले मंडेला डब्लिनला आले, तेव्हा त्या दुकानातील संपकऱ्यांना ते आवर्जून भेटले. त्यांच्या ठरावाची प्रत कोणी मागितली नाही. तो त्यांनी पावणेतीन वर्षे फुटपाथवर उभे राहून जगाला वाचून दाखवला होता.